चाळीस सेकंदांची शेपटी

त्या अमेरिकन बँडची गाणी मला नावानं कधीच माहीत नव्हती. मी ती सेकंदांवरून ओळखायचे. अडतीसवालं, चाळीसवालं, बावन्नवालं, आणि सगळ्यांत लांबलचक म्हणजे एक मिनिट दहावालं. हार्डकोर पंक म्हणून जे संगीत आहे त्याचे जाणकार हे वाचून मला हसतील. खुशाल हसावं. त्यांनी ती गाणी ऐकली असतील, मी ती भरलेली आहेत, आणि या दोन्हींत बराच फरक आहे.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून सुटून स्वतंत्र जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि नळ कोरडे होते. पावसानं अशी पाठ फिरवली होती की नांदेडला माझ्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या बाईंनी आम्हां मुलींना एका सकाळी एकत्र बोलावून सांगितलं, पाणी येईपर्यंत आपापल्या घरी जा. माझं घर म्हणजे मुदखेड जंक्शनचं रेल्वे क्वार्टर. आबा तिथं गँगमन होते. पोरगी घरी आलीच आहे तर तिचं लग्न उरकून टाकावं, असा त्यांनी साधा हिशोब केला. उमरीचं एक स्थळ लगेच पुढं आलं. मुलगा शिकलेला, माणसं आपल्यातलीच, नाव ठेवायला जागाच नाही. तीच तर पंचाईत होती.

मला वाचवलं माझ्या थोरल्या भावानं. दादा लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागला होता आणि वहिनीनं गंजगोलाईच्या, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेच्या, एका फाट्यावर कॅसेट भरून द्यायचं दुकान टाकलं होतं. "वसतिगृह उघडेपर्यंत तिला आमच्याकडं राहू द्या, दुकानात हातभार लावील," असं दादा म्हणाला. आबांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"बसायचं तर बस," ते मला म्हणाले. "पण बायकांनी चालवायचं दुकान हाय, गावभरची माणसं येणार. एक जरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, तर पहिल्या एष्टीनं मुदखेड. मंग उमरीवाल्यांना हाव म्हणून सांगणार मी."

मी हो म्हटलं. एका महिन्यात मला कळून चुकलं की मला आयुष्यात हेच करायचंय. मागच्या खोलीत दोन कॅसेटींचं मोठं यंत्र होतं. कानाला हेडफोन लावून त्याच्यापुढं बसलं की जगातला सगळा आवाज माझ्या दोन बोटांत यायचा. वसतिगृह उघडू नये म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे, आणि पाऊस पडू नये असं त्या साली संबंध मराठवाड्यात बहुधा मला एकटीलाच वाटत असेल.

कॅसेट भरणं म्हणजे काय, हे आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणून द्यायचं. आम्ही आमच्याकडच्या रेकॉर्डीवरून एकेक गाणं त्या कॅसेटवर उतरवायचो. एका बाजूला अर्धा तास. गाणी कुठलं चार मिनिटांचं, कुठलं साडेपाच, त्यामुळं शेवटी मिनिट-दीड मिनिट उरायचंच. त्यात पुढचं गाणं सुरू करावं तर ते मधेच तुटायचं, आणि रिकामं सोडावं तर गिऱ्हाईक भांडायला यायचं. टँकरच्या पाण्यासाठी रांगा लावून लोकांना एक सवय जडली होती, भांडं काठोकाठ भरून घ्यायची. "हितं कामून रिकामं सोडलं?" हा प्रश्न मी तेव्हा नळकोंडाळ्यावरही ऐकला आणि दुकानातही. त्या उरलेल्या जागेत काहीतरी भरायचं याला आम्ही शेपटी म्हणायचो. आधी वहिनी स्वतःच्या आवाजात "धन्यवाद, पुन्हा या" भरायची. पण तेही चार सेकंदांत संपायचं, आणि मग ती पुन्हा पुन्हा म्हणत बसायची.

अशात वसतिगृहातली माझी ट्रंक आणायला दादा आणि मी नांदेडला गेलो. स्टेशनजवळ कोऱ्या कॅसेटी घ्यायला एका दुकानात थांबलो, तर तिथं एक उंचापुरा शीख तरुण दुकानदाराला हातवारे करून काही सांगत होता. आजीला घेऊन गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला थेट अमेरिकेहून आला होता. त्याच्या टेपनं आजीची कीर्तनाची कॅसेट खाल्ली होती, फीत बाहेर लोंबत होती, आणि दुकानदार म्हणत होता की ही आता गेली. मला राहवलं नाही. मी कॅसेट मागून घेतली, पाच स्क्रू काढले, चुरगळलेली फीत नखानं सरळ केली, पेन्सिलीनं गुंडाळली आणि परत बंद केली. कीर्तन चालू झालं. तो पोरगा एवढा खूश झाला की मला काय देऊ नि काय नको असं त्याला झालं. शेवटी पिशवीतून स्वतःची एक कॅसेट काढून त्यानं माझ्या हातात ठेवली. आजी रोज म्हणते हे फेकून दे, तर तुम्हीच ठेवा, असं तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

ही त्याच्या गावच्या पोरांची गाणी होती. चौघं जण, नुकतीच शाळा संपलेली. वाजवायला कुणी शिकवलं नाही, म्हणून जसं येतं तसं वाजवायचं, फक्त फार जोरात. कुठली कंपनी विचारीना, तेव्हा त्यांनी आपली रेकॉर्ड आपणच काढली. पाकिटं एकाच्या आईच्या जेवणाच्या टेबलावर कात्री-डिंक घेऊन चिकटवली. जुन्या गाडीत वाद्यं कोंबून गावोगाव फिरले, मिळेल तिथं जमिनीवर झोपले, आणि तीन-चार वर्षांत भांडून वेगळेही झाले. भांडण कशावरून? एकाला वाटलं गाणी जरा सावकाश वाजवावीत. मला हे ऐकून फार हसू आलं. आमच्याकडं चार माणसांना भांडून वेगळं व्हायचं तर आधी सोसायटी काढावी लागते, चेअरमन निवडावा लागतो. या पोरांनी तेवढाही वेळ दवडला नव्हता.

"याला काय म्हणतात?" दादानं विचारलं. तो म्हणाला, "पंक." लातूरला येईपर्यंत दादा विचारात पडला होता. पंक म्हणजे चिखल हे त्याला शाळेत शिकवलं होतं. "एवढ्या दुष्काळात," तो म्हणाला, "चिखल कुठं दिसला तर मी त्याला नमस्कार करीन." वहिनीला पंखा असं ऐकू आलं, आणि आमच्या दुकानाच्या वहीत त्या कॅसेटची नोंद शेवटपर्यंत पंखा अशीच राहिली.

पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं आमच्या यंत्राचा पट्टा सटकला. ढोल असे वाजत होते जणू डब्यातून खडे ओतताहेत, आणि एक माणूस घसा फोडून ओरडत होता. हसावं की बंद करावं ते कळेना. मग खटकन सगळं थांबलं. मी घड्याळ बघितलं, चाळीस सेकंद. पुढचं अडतीस. त्याच्या पुढचं बावन्न. अठराच्या अठरा गाणी मी कागदपेन घेऊन मोजली, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत माझा आनंद गगनात मावेना. एवढी छोटी आणि तरीही पुरी गाणी आमच्याकडं कुणी केलीच नव्हती. आमच्या गाण्यांना नुसतं उठून बसायलाच मिनिटभर लागतं. या शेपट्या होत्या, तयार, मापाच्या.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या लावायला लागले. कव्वालीमागं बावन्नवालं. जयंतीच्या गाण्यांमागं एक मिनिट दहावालं. लावण्या, हळदीची गाणी, शाळेच्या गॅदरिंगची गाणी, ज्याला जेवढी जागा उरली तेवढं माप. बुद्धवंदनेला तेवढी नाही लावली. तिथं मी जागा रिकामी सोडली आणि शिव्या खाल्ल्या.

लोक आले विचारायला, नाही असं नाही. कव्वालीवाले एक वयस्कर चाचा येऊन वहिनीला म्हणाले, "अम्मा, ये कौन बावला घुस गया कव्वाली में?" मी आतल्या खोलीत चालू यंत्र बंद केलं. ही तक्रारच होती, आणि मुदखेडपर्यंत पोचली असती तर माझी उमरी पक्की होती. पण वहिनी म्हणजे वहिनीच. खोटं बोलायला तिला श्वासही घ्यावा लागत नसे.

"चाचा, तो गाणं नव्हे, टेपचं हेड साफ करायचा आवाज आहे," ती म्हणाली. "अमेरिकेहून मागवला. कॅसेट संपली की आपोआप धूळ झाडून निघते."

चाचांनी मान डोलावली. दुष्काळात धुळीला काय तोटा? आठ दिवसांत गावभर झालं की गंजगोलाईतल्या त्या दुकानात भरलेल्या कॅसेटीनं टेप खराब होत नाही. जीपवाले, मास्तर, नव्या कचेऱ्यांतले बीडहून, उस्मानाबादेहून बदलून आलेले साहेब, सगळे यादीच्या शेवटी स्वतःच्या हातानं लिहायला लागले, "हेड साफ करायचं – १". एका बाईचं तान्हं पोर त्या आवाजाशिवाय झोपेना. अहमदपूरच्या एका जीपवाल्याला दोन्ही बाजूंना तेच पाहिजे होतं. चढावर गाडीला जोर येतो म्हणाला. चौघं अमेरिकन पोरं जुन्या गाडीतून कुठंकुठं फिरली असतील ते असो, पण फुटून गेल्यावर ती निलंगा, उदगीर, देगलूर असा दौरा करत होती आणि त्यांना याचा पत्ताही नव्हता.

मग एक दिवस न कळवताच आबा आले. खांद्यावर टॉवेल, हातात झोळी, आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन. लातूरला पाणी नाही असं ऐकून त्यांनी तो मुदखेडहून दोन एष्ट्या बदलत आणला होता. झोळी त्यांनी दुकानातल्या खिळ्याला अडकवली.

"उमरीवाले उत्तर मागून राहिले," ते म्हणाले. "आज दिवसभर बसतो हितं. पाच वाजता एष्टी हाय. तक्रार न्हाई आली तर एकटा जाईन. आली तर दोघं जाऊ."

त्या दिवशी वहिनीनं प्रत्येक गिऱ्हाइकाचं असं स्वागत केलं की जणू व्याहीच आले. मी आतून पडद्याच्या फटीतून बघत होते. आबा स्टुलावर ताठ बसून प्रत्येकाचं तोंड निरखत होते. दुपार टळली. चार वाजले. मला वाटायला लागलं की आता जिंकलोच.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ दारात आले. धोतर, पांढरी टोपी, घामाघूम. निलंग्याकडचे बागाईतदार होते. गावच्या भजनी मंडळाचे पुढारी. विहीर आटल्यामुळं त्यांना त्या साली भजनं ऐकायला वेळच वेळ होता. आठवड्यापूर्वी त्यांची भजनांची कॅसेट मी भरली होती, मागं चाळीसवालं लावून. त्यांनी ती काउंटरवर ठेवली.

"तक्रार हाय," ते म्हणाले.

आबा उठून उभे राहिले. वहिनी कॅसेट उचलून पदरानं पुसायला लागली.

"भजनाबद्दल काय म्हणणं न्हाई," म्हातारे म्हणाले. "भजन झ्याक भरलंय. त्याच्या मागनं एक माणूस येतो."

"ते हेड साफ करायचं –" वहिनी म्हणाली.

"हेड गेलं खड्ड्यात! माणूस हाय तो. जीव तोडून काय तरी सांगून राहिला, आन् तुमी त्याला मधीच तोडलं. आठ दिस झालं, माज्या डोक्यातनं जाईना. कुणाला हाका मारून राहिला? आलं का कुणी? एष्टीनं आलोय तेवढ्यासाठी. पुढचं भरून द्या."

मी पडदा सारून बाहेर आले. त्या माणसाला उत्तर देणं माझं काम होतं. "काका, पुढचं न्हाईच. गाणं तेवढंच हाय."

"तेवढंच? एवढा घसा फोडायचा आन् तेवढंच?"

मी मूळ कॅसेट आणून लावली. चाळीस सेकंद, खटकन शांत. "पुन्ना लाव यव्वा," ते म्हणाले. त्यांच्या भागात कानडी फार, लेकीबाळींना ते असंच म्हणतात. मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा आबाही काउंटरपाशी येऊन मान खाली घालून ऐकत होते.

"बरं, मंग म्हणतो तरी काय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. ते इंग्रजी नांदेडच्या कॉलेजात शिकवत नव्हते. दादानं डिक्शनरी घेऊन दोन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि त्याला फक्त एक 'नो' सापडला होता. ठाऊक नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आबांची झोळी खिळ्यावर दिसत होती आणि घड्याळात साडेचार झाले होते.

"तो म्हणतो, मी न्हाई जाणार," मी म्हटलं.

"कुठं?"

"कुठंच. म्हणतो, मला हितनं हालवू नका. आत्ता कुठं मला काम जमून राहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा काय तरी जमून राहिलंय. मी न्हाई जाणार, न्हाई जाणार, न्हाई जाणार. बास, एवढंच म्हणतो."

म्हाताऱ्यांनी टोपी काढून घाम पुसला. मग त्यांचा चेहरा खुलला. "हां, मंग पुरं हाय की. मी उगाच अर्धं समजलो. त्याच्या घरच्यांना म्हणावं, राहू द्या की त्याला. कामून ओढून राहिले?" कॅसेट त्यांनी कोपरीच्या खिशात घातली, पुढच्या वेळी भजनाच्या आधीही एकदा तेच लावा असं बजावलं आणि गेले.

"मामंजी," वहिनी पुढं सरसावली, "ही तक्रार नव्हती. ही चौकशी होती. कचेरीत दोन्हींचे अर्ज वेगळे असतात, तुमच्या लेकालाच विचारा."

"तक्रार हाय म्हणाला तो," आबा म्हणाले. "माज्या कानानं ऐकलं." आणि त्यांनी खिळ्यावरची झोळी काढली.

मी आत गेले. ट्रंक ओढली, कपडे टाकायला लागले, आणि रडायला लागले. एवढी रडले की हेडफोनची वायर पायात अडकली तरी सोडवता येईना. पडदा सरकला आणि आबा आत आले. तोवर ते त्या खोलीत आलेच नव्हते. त्यांनी यंत्राकडं बघितलं, भिंतीवर चिकटवलेल्या माझ्या सेकंदांच्या यादीकडं बघितलं.

"कपडे कामून भरून राहिलीस?"

"तुमीच म्हणलाव, तक्रार आली तर –"

"तो म्हातारा एवढा लांबनं आला सांगायला, राहू द्या म्हणून. त्याचा शब्द मोडायचा का मी?" त्यांनी वाकून माझ्या पायातली वायर सोडवली. "पाण्याचा कॅन ठेवून चाललोय. रिकामा झाला की दादाकडनं धाडून दे." आणि ते पाचच्या एष्टीला एकटे गेले.

पुढं मी लातूरलाच पदविकेला नाव घातलं आणि नोकरीची सगळी वर्षं रेडिओत आवाज मुद्रित करण्यात घालवली. लग्नही झालं, माझ्या सवडीनं. दुकान त्या बँडपेक्षा थोडं जास्त टिकलं. मग तयार कॅसेटी स्वस्त झाल्या आणि वहिनीनं त्याच जागेत शिलाई मशीन टाकलं. कितीतरी वर्षांनी दादाच्या मुलानं मला मोबाइलवर त्या बँडची सगळी कहाणी वाचून दाखवली. चौघांपैकी एक आता सुतारकाम करतो, एक शाळेत शिकवतो. बँड चालू असताना त्यांना ऐकायला शे-दोनशे पोरं यायची, पण त्यातल्या प्रत्येकानं म्हणे घरी जाऊन आपापला बँड काढला. जमतंय तसं करा, कुणाची वाट बघू नका, एवढंच ते शिकवून गेले. ते कुठंकुठं ऐकले गेले त्या गावांच्या यादीत लातूरचं नाव नव्हतं. मला थोडा रागच आला.

त्यातच गाण्यांचे शब्दही होते. चाळीसवालं मी शोधून काढलं, आणि वाचून डोक्याला हात लावला. तो बिचारा म्हणत होता, मी चाललो, मला अडवू नका, या गावात मला एक दिवसही राहायचं नाही. शब्दन् शब्द उलटा.

आबा तेव्हा खूप थकले होते, पण ऐकायला तल्लख. दिवाळीला मी मुदखेडला गेले तेव्हा त्यांना कबूल केलं. म्हटलं, आबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. तो माणूस राहतो म्हणत नव्हता, जातो म्हणत होता. ते खदाखदा हसले, ठसका लागेपर्यंत.

"त्याचं मला काय कळतंय?" ते म्हणाले. "मी तुझं ऐकून राहिलो होतो."